मान सरळ आत की आडवी?

कासव दचकलं की आधी त्याच्या मानेकडे बघा. क्रिप्टोडायरा गटातलं असेल, तर मान उभ्या 'एस'सारखी दुमडते आणि डोकं सरळ आत जातं. प्ल्युरोडायरा गटातलं कासव मान आडवी वळवून डोकं कवचाच्या कडेखाली टेकवतं. मानेची एक बाजू उघडीच! आज हयात असलेली ही आडमानी कासवं सगळी गोड्या पाण्यातली, मुख्यतः दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडची. पहिल्या गटात समुद्री आणि जमिनीवरचीही येतात.

पण मी नुसत्या मानेवर विसंबणार नाही. स्नॅपिंग टर्टल क्रिप्टोडायरा असूनही त्याचं डोकं पुरतं आत जात नाही. पक्की खूण कमरेच्या हाडात: प्ल्युरोडायरात ते कवचाला जुळलेलं, क्रिप्टोडायरात सुटं. अर्थात, जिवंत कासवात ते बघणार कसं?