जुन्या व्हॉल्व्ह प्रीअँपला कोणते कार्ट्रिज : मूव्हिंग मॅग्नेट की हाय-आउटपुट मूव्हिंग कॉइल?

बेळगावातील जुन्या घरांच्या माळ्यावरून अधूनमधून एखादा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप, म्हणजे तबकडीवरून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी, खाली उतरतो, आणि तो दुरुस्त करून घेतल्यावर त्याला कोणते कार्ट्रिज, म्हणजे टोनआर्मच्या टोकाचा सुई असलेला भाग, जोडावे, हा प्रश्न उभा राहतो. मलाही तो पडला होता. माझ्या प्रीअँपमध्ये पहिल्या टप्प्याला ईसीसी83 हा व्हॉल्व्ह आहे, त्या टप्प्यावर फीडबॅक नाही आणि मागे फोनोचे, म्हणजे टर्नटेबलचे, एकच इनपुट आहे. त्यावर मी आधी एक मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (ज्यात सुईबरोबर चुंबक हलतो) आणि नंतर डेनॉनचे डीएल-110 हे हाय-आउटपुट मूव्हिंग कॉइल (ज्यात सुईबरोबर कॉइल हलते) वापरले. निवड करू पाहणाऱ्याला त्या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

प्रीअँपच्या इनपुटने कार्ट्रिजला द्यायच्या रोधाचा 47 किलोओहम हा आकडा या छंदातील प्रत्येकाला पाठ असतो. पण जुन्या प्रीअँपच्या बाबतीत खरा घोळ कॅपॅसिटन्सचा, म्हणजे तारा आणि व्हॉल्व्ह यांच्या विद्युतभार साठवण्याच्या गुणाचा, असतो आणि तिकडे आपले लक्ष उशिरा जाते. ईसीसी83 च्या ग्रिड आणि प्लेट या आतील दोन भागांमधील कॅपॅसिटन्स जेमतेम 1.6 पिकोफॅरड आहे, परंतु मिलर परिणामामुळे ते त्या टप्प्याच्या गेनच्या (सिग्नल किती पट वाढतो त्याच्या) पटीत वाढून इनपुटवर येते. गेन साठच्या आसपास धरला, तर एकट्या व्हॉल्व्हचेच सुमारे 100 पिकोफॅरड होतात. त्यात टोनआर्मच्या आतील तारा, सॉकेट आणि मीटरला साधारण 100 पिकोफॅरड भरणारी दोन मीटर शील्डेड वायर मिळवली, की बेरीज 350 ते 400 पर्यंत सहज जाते. ऑर्टोफॉनच्या 2एम रेडसाठी 150 ते 300 पिकोफॅरडची शिफारस आहे, तर ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95ई साठी 100 ते 200 ची. म्हणजे आपण काहीही चुकीचे न करता मर्यादेबाहेर गेलेलो असतो. कार्ट्रिजच्या कॉइलचे 700 मिलिहेन्री इंडक्टन्स आणि 400 पिकोफॅरड यांचा अनुनाद साडेनऊ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, आणि तिथे आवाजाला जो उंचवटा येतो त्यानेच माझा निर्णय ठरवला.

तो उंचवटा मला सर्वांत आधी तानपुऱ्यात ऐकू आला. इथून जवळच असलेल्या मिरजेत तानपुरे घडतात, आणि चांगली जवारी (तारेचा घुमता झंकार) लागलेला तानपुरा समोर बसून ऐकलेले लोक आमच्या भागात पुष्कळ आहेत. त्यामुळे त्या नादाची पारख कानाला असते. सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आमच्याकडे घरच्या माणसाच्या म्हणून ऐकल्या जातात, आणि त्यांच्या गायनात तानपुऱ्याचे स्थान किती मोठे आहे ते वेगळे सांगायला नको. मूव्हिंग मॅग्नेटवर तीच जवारी पितळी वाटू लागली. तारेची गोलाई मागे राहून तिची धार तेवढी पुढे येई, आणि गायकाचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखा निसटे. त्याहून त्रासदायक म्हणजे जुन्या तबकडीवरील ओरखड्यांचे आवाज. एरवी ‘टुक्’ असा बोथट होऊन निघून जाणारा आवाज ‘टिक्’ असा टोकदार होई आणि विलंबित ख्यालातील शांत जागा नेमक्या त्यानेच भरून जात. माझ्या बहुतेक तबकड्या जुन्या बाजारातून आलेल्या आहेत. ज्यांच्या तबकड्या कोऱ्या करकरीत आहेत, त्यांना ही गोष्ट कदाचित इतकी टोचणार नाही.

यात दोष कार्ट्रिजचा नव्हता, हे मी आग्रहाने सांगेन. प्रीअँप उघडल्यावर इनपुटचा 47 किलोओहमचा रेझिस्टर 62 दाखवू लागला होता. कार्बन कॉम्पोझिशनचे जुने रेझिस्टर वयाबरोबर आणि दमटपणाने वर सरकतात, आणि आमच्याकडचा पावसाळा कसा असतो ते सर्वांना ठाऊक आहे. इनपुटचा रोध असा वाढला की अनुनादाला बसणारा आवर कमी होतो. रेझिस्टर बदलला, वायर निम्मी केली, आणि फरक निश्चित पडला. तरी हिशेबाने अनुनाद 11 किलोहर्ट्झच्या आसपासच राहिला आणि ‘टिक्’ पूर्णपणे गेला नाही.

डीएल-110 जोडल्यावर हा विषयच संपला. त्याचा अंतर्गत रोध 160 ओहम आहे, कॉइलचे इंडक्टन्स नगण्य आहे, आणि 47 किलोओहमच्या इनपुटवर वायर किती लांब आहे किंवा व्हॉल्व्ह किती पिकोफॅरड आणतो याची त्याला फिकीर नसते. पहिल्याच संध्याकाळी तानपुऱ्याची जवारी जागेवर आली. ओरखडे होते तिथेच होते, पण ते गाण्याच्या मागे गेले. घरात नाट्यपदे आणि कन्नड दासरपदे (हरिदासांची भक्तिपदे) दोन्ही वाजतात. दोन्ही भाषांतील ऊष्म वर्ण आता सारखेच स्वच्छ येतात. मोजणी मी केलेली नाही, हे कानांचे मत आहे.

याची किंमतही आहे. डीएल-110 चे आउटपुट 1.6 मिलिव्होल्ट आहे, तर 2एम रेडचे 5.5, म्हणजे जवळजवळ 11 डेसिबलची तूट व्हॉल्यूमच्या बटनाने भरून काढावी लागते, आणि त्याबरोबर पहिल्या व्हॉल्व्हची सळसळही वर येते. माझ्याकडे जुन्या साठ्यातील भारत इलेक्ट्रॉनिक्सचे काही व्हॉल्व्ह होते. ते आलटून पालटून लावत त्यातला सर्वांत शांत पहिल्या जागी ठेवला, तेव्हा सळसळ सहन होण्याइतकी झाली. दुसरे म्हणजे मूव्हिंग मॅग्नेटची सुई आपण घरी बदलू शकतो, इथे ती सोय नाही. घरात लहान मुलांचा हात टोनआर्मपर्यंत पोहोचत असेल, तर मूव्हिंग मॅग्नेटच शहाणपणाचे ठरेल.

0.3 मिलिव्होल्टचे डीएल-103 आणि सिग्नल दहापट वाढवणारा 1:10 चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर ही जोडी काही जण सुचवतात. कागदावर ती चोख आहे, कारण 47 किलोओहमचा भार कार्ट्रिजला 470 ओहम दिसतो. पण पॉवर ट्रान्सफॉर्मर त्याच पेटीत असलेल्या जुन्या प्रीअँपशेजारी आणखी एक ट्रान्सफॉर्मर ठेवून भुणभुण काढत बसण्याची माझी तयारी नव्हती.

डीएल-110 कडे वळण्यापूर्वी एक चाचणी मात्र जरूर करावी. सुई तबकडीवरून उचलून ठेवावी, रोज ऐकतो त्याहून व्हॉल्यूम बराच वर न्यावा आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून ऐकावे. तिथपर्यंत सळसळ पोहोचत असेल आणि दुसरा व्हॉल्व्ह हाताशी नसेल, तर मूव्हिंग मॅग्नेट ठेवून आधी वायर आखूड करावी आणि इनपुटचा रेझिस्टर तपासून घ्यावा.