मँचेस्टरसाठी जॅकेट घेताय? आधी घामाचं बघा

माझा भाचा सप्टेंबरात इथं शिकायला येतोय. परवा त्याने एका जॅकेटचा फोटो पाठवून विचारलं, "मावशी, ह्याच्यावर वीस हजार मिलिमीटर लिहिलंय. मँचेस्टरच्या पावसाला पुरेल ना?" अरे, आमच्या देवरुखालाही पुरून उरेल, मँचेस्टरचं काय घेऊन बसलायस! पण बिचाऱ्याचा दोष नाही. मँचेस्टर म्हटलं की आपल्याकडे लोकांना ९ जुलै २०१९ आठवतो. ओल्ड ट्रॅफर्डवर न्यूझीलंड ५ बाद २११, पाऊस आला आणि विश्वचषकाचा उपांत्य सामना दुसऱ्या दिवसावर गेला. दुसऱ्या दिवशी आपण हरलो आणि शिव्या खाल्ल्या पावसाने.

तर हे माझ्या जॅकेटबद्दल. मी इथं घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. एका घरातून दुसऱ्या घरी चालत नाहीतर पिवळ्या बसने. दिवसभर जॅकेट अंगावर चढव, उतरव, दारात झटक, हेच चालू. ब्रँडचं नाव टाकत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात आणि माझ्या तक्रारीही आहेत. सेलमध्ये ११० पौंडांना घेतलं, दोन हिवाळे वापरलंय.

आधी पावसाचा हिशोब. मँचेस्टरला वर्षाचा पाऊस साधारण ८५० मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा थोडाच जास्त. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला होता, म्हणजे ह्यांचं अख्खं वर्ष एका दिवसात आटोपलं. ह्याच देशात ग्लासगो आणि कार्डिफला इथल्यापेक्षा जास्त पडतो. इथली गोम वेगळीच आहे. जेमतेम साडेआठशेचा पाऊस वर्षातल्या दीडशेएक दिवसांवर पातळ करून वाढलेला असतो. अटलांटिकवरून ओले वारे येतात, वेल्सच्या आणि लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर बरंचसं ओझं उतरवतात, आणि उरलंसुरलं घेऊन शहराच्या पूर्वेला पेनाइन्सच्या रांगेला भिडतात. म्हणून डोंगरालगतच्या ओल्डहॅमकडे जरा जास्त आणि विमानतळाकडे जरा कमी. पागोळ्या धो धो वाहताहेत असं क्वचितच दिसतं. नुसती पिरपिर. वर वारा आडवा, त्यामुळे छत्रीचा उपयोग शून्य. पिकॅडिली गार्डन्समधल्या कचरापेट्यांत काड्या मोडून पडलेल्या छत्र्या बघा एकदा.

आता ते वीस हजार. त्या आकड्याचा पावसाशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत पाणी आत झिरपत नाही, त्याचं ते माप. वीस हजार म्हणजे वीस मीटर. पिरपिरीला इतकं कशाला हवं? पाठीवर जड सॅक असेल तर पट्ट्यांखाली खांद्यावर दाब येतो, तिथं दहा हजार असलेलं बरं. माझं दहाचंच आहे आणि खांदे आजवर कोरडे आहेत.

खरा आकडा त्याच्या खालचा, जो कोणी वाचत नाही: एका चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. इथं भिजवतो तो घाम. बाहेर सात अंश, आत स्वेटर, आणि बस चुकू नये म्हणून तरातरा चालणं. गावाकडून आणलेल्या प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये दहा मिनिटांत पाठ चिंब होते. वर बसमध्ये हीटर! ह्या गैरसोयीची पहिली मोठी फॅक्टरीसुद्धा ह्याच शहरात निघाली. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ ला कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालायचं पेटंट घेतलं आणि माल काढला इथं केंब्रिज स्ट्रीटवर. पाणी अडायचं, पण कापड थंडीत कडक, उन्हात चिकट, वास मारणारं, आणि आतला माणूस घामाने ओला. दोनशे वर्षं झाली, तक्रार तीच.

माझ्या जॅकेटचा वाफेचा आकडाही दहा हजार आहे, पण मला त्याहून उपयोगी पडतात काखेतल्या चेनी. बगलेपासून बरगडीपर्यंत वीतभर उघडतात. चढावर किंवा घाईत असले की दोन्ही उघडायच्या, पाऊस आत येत नाही आणि वाफ निघून जाते. काखेत चेन नसेल तर मी शंभर पौंडांच्या वर एक पैसा देणार नाही.

ज्या मुद्द्यावर दुकानात सगळ्यात जास्त भांडणं होत असतील तो आता सांगते. माझ्यासोबत काम करणारी एक केरळी मुलगी, "हे गळतंय" म्हणत तिचं जॅकेट परत करायला गेली. मी होते सोबत. काउंटरवरच्या पोराने बाही उलटी करून तिची झोळी केली, त्यात पेलाभर पाणी ओतलं आणि आम्हाला थांबायला सांगितलं. थेंब पडला नाही. मग त्याने बाहेरचं कापड दाखवलं, गडद, ओलं, जड झालेलं. नव्या जॅकेटवर पाण्याचे गोल थेंब होऊन घरंगळतात, तो वरचा थर झिजला की कापड पाणी पितं. पाणी आत येत नाही, पण वाफेची वाट बंद होते आणि घाम आतच राहतो. आपल्याला वाटतं गळलं. हल्ली तो थर फ्लोरिनच्या रसायनांशिवाय करतात, चांगलंच आहे, पण तो लवकर उतरतो. माझाही पहिल्याच हिवाळ्यात उतरला. जॅकेटसाठीच्या वेगळ्या साबणाने धुवायचं, सॉफ्टनर चुकूनही नाही, मग तो थर देणारं द्रावण घालून पुन्हा एक फेरी. लेबलवर चालेल म्हटलं असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवायचं. हा वर्षाचा पंधराएक पौंडांचा खर्च किमतीत धरूनच चला.

तक्रारी दोन. टोपी हेल्मेटवर बसेल अशी शिवलीय, माझ्या डोक्यावर ती डोळ्यांपर्यंत उतरते आणि मागची दोरी एका हाताने ओढता येत नाही. दुसऱ्या हातात कोणाचं तरी औषधांचं पाकीट असतंच. पुढची कड मात्र कडक आहे, त्यामुळे चष्म्यावर पाणी येत नाही. दुसरी तक्रार मनगटाच्या वेल्क्रोची. त्यात स्वेटरची लोकर अडकून आता तो धरतच नाही.

रंग काळा घेऊ नका. दुकानात नव्वद टक्के काळाच टांगलेला असतो. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि दिवसाही ढग उतरलेलेच असतात. पावसापेक्षा ह्या अंधाराने माणूस जास्त खचतो, हे माझं मत. माझं पिवळं आहे, बाहीवर चमकती पट्टी आहे, रस्ता ओलांडताना गाड्या थांबतात.

आणि हो, हे बारमाही लागत नाही. एप्रिल-मे बऱ्यापैकी कोरडे जातात. २०१८ च्या जूनमध्ये तर शेजारचं सॅडलवर्थचं माळरान पेटलं होतं, विझवायला लष्कर बोलवावं लागलं. ह्या पावसाळी शहराचं पाणीही १८९४ पासून लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमीरहून येतंय.

पाचपैकी साडेतीन. भाच्याला सांगितलंय, तिकडून काही आणू नकोस. इथं चॅरिटी शॉपमध्ये वीस-पंचवीस पौंडांत चांगली जॅकेटं मिळतात. फक्त उलटं करून मानेपाशी आणि खांद्यावर शिवणीवरची पट्टी नखाने खरवडून बघायची. ती सुटत असेल तर घ्यायचं नाही, परत जागेवर टांगायचं.