सागवान सांगून खोक्याचं पाइन गळ्यात मारलं: कुत्र्याचं घर करून घेणाऱ्यांनो, वाचा

36,700 रुपये गेले. आकडा आधी सांगते, कारण ‘कुत्र्याच्या खोपटाचं काय एवढं’ हे मी वर्दीतल्या माणसाकडूनही ऐकून घेतलंय.

सागवान 8 घनफूट, 3,200 च्या दराने 25,600. तळाला मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, 2,400. मजुरी, पॉलिश धरून 7,500. टेम्पो 1,200. घर करणाऱ्या सुताराने त्यातले 30,000 आगाऊ यूपीआयने घेतले, उरलेले घर अंगणात उतरल्यावर. कोकणातला पाऊस आहे, घर चार महिने उघड्यावर भिजणार, म्हणून मुद्दाम महागातलं लाकूड निवडलं होतं. स्वस्तातलं शोधायला गेले आणि फसले, असं कुणी म्हणू नये.

जून लागला आणि मोतीच्या पांढऱ्या पोटावर तपकिरी पट्टे उमटले. चिखल असेल म्हणून धुतले, जाईनात. फळीवरून ओला हात फिरवला तर तळवा तपकिरी झाला. तो रंग सागवानाचा नव्हताच, वरून चोपडलेल्या स्टेनचा होता. आणि माझा मुका जीव रोज तो अंगावरून चाटत होता! पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे.

गणपतीपर्यंत तळाच्या प्लायचे पापुद्रे सुटले, मागच्या फळ्या वाकल्या, खालच्या कडेला काळी बुरशी धरली. ओळखीच्या मिस्त्रीने एक फळी काढून आडवी कापली. आत पिवळट पांढरं पाइन, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. टेप लावली तर जाडी पाऊण इंच. पैसे मोजले होते एका इंचाचे. म्हणजे 8 घनफुटांच्या जागी 6 घनफूट, आणि त्यातही सागवानाचा तुकडा नाही. प्लायसुद्धा मरीन नव्हता, आतल्या कपाटाला वापरतात तो साधा कमर्शियल. मरीन प्लायवर आयएसआय खुणेसोबत आयएस 710 छापलेलं असतं. पूर्ण शीटवरचा तो छाप कापायच्या आधी डोळ्यांनी बघा, फोटो काढून ठेवा.

आता ज्याने झोप उडते ते. काम चालू असताना मी सुताराच्या शेडमध्ये गेले होते. स्टेन अजून लागलेला नव्हता, पण ‘पहिला हात’ म्हणून फळ्यांना काहीतरी पिवळं फासलं होतं. एका फळीच्या आतल्या बाजूला रंध्याने अर्धवट उडालेला काळा शिक्का होता: गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, खाली आकडे आणि ‘एचटी’ ही दोन अक्षरं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “ताई, ट्रीटमेंटचा शिक्का आहे तो. पाणी नाही, वाळवी नाही, निर्धास्त राहा.” तो शिक्का माझ्या डोळ्यांसमोर होता. बोट ठेवून विचारला होता!

परदेशातून माल येतो त्या लाकडी खोक्यांवर आणि पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटींवर) तो शिक्का असतो. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं, वाटेत कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. त्या वेळची कीड मरते, बस. पुढच्या पावसापासून आणि वाळवीपासून त्याने काहीही संरक्षण मिळत नाही. हे चारचौघांना कुठून ठाऊक असणार? विचारल्यावर समोरचा तोंडावर खोटं बोलला, तर गुन्हा त्याचा.

टेम्पोतून दोन पोरांनी ते घर सहज उचलून ठेवलं होतं. सागवान घनफुटाला साधारण 18 किलो भरतं, म्हणजे 8 घनफुटांचं वजन दीडशे किलोच्या आसपास व्हायला हवं. वजन करून घ्या, लाज बाळगू नका. घनफूट स्वतः काढा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. जाडी रंधा मारल्यानंतरची धरणार की आधीची, ते लिहून घ्या. खऱ्या सागवानातही सालीजवळचं पांढरं लाकूड बाहेर टिकत नाही, गाभ्याचंच मागा. आणि स्टेन लावण्याआधी एक टोक समोर कापून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून उठून या.

‘मग केमिकलवालं पाइनच घेऊ’ म्हणणाऱ्यांनी कोणतं केमिकल ते आधी विचारा. सीसीए हे कीड-बुरशी रोखणारं रसायन भरलेलं लाकूड उघड्यावर टिकतं खरं, पण त्यात आर्सेनिक असतं. अमेरिकेत 2003 अखेर ते घरगुती वापरातून काढून घेतलं. दाराची कड कुरतडणाऱ्या कुत्र्याला ते नकोच.

चौकीत गेले तर तासभर बाकावर बसवलं. मग उत्तर मिळालं, “वस्तू मिळाली ना मॅडम? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.” सागवान सांगून पैसे घ्यायचे आणि पाइन द्यायचं, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? अर्ज घेतला, पोच दिली नाही. मागितली तर “साहेब आले की या.” साहेब राउंडला, साहेब बंदोबस्ताला, साहेब रजेवर. मापाची तक्रार घेऊन दुसऱ्या कार्यालयात गेले, तिथे बिल बघून कागद परत केला. बिलावर लिहिलंय ‘डॉग हाऊस, 1 नग’. ना लाकडाचं नाव, ना घनफूट, ना जीएसटी क्रमांक. पक्कं बिल मागितलं होतं मी, ‘नंतर देतो’ म्हणाला होता. ज्याने बिल चुकवलं तो मोकळा, आणि कागद घेऊन दारोदार मी फिरायचं! एकानेही त्याला साधा फोन लावला नाही.

बिलावर ‘सागवान, गाभ्याचं, इतके घनफूट’ असं नसेल तर आगाऊ एक रुपया देऊ नका. माझ्याकडे निदान व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं ‘प्युअर सागवान’ लिहिलेलं कोटेशन आहे, आणि यूपीआयची नोंद. ते जोडून ग्राहक आयोगात तक्रार करतेय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत 2 वर्षं.

आता त्याचा निरोप आलाय, घर परत द्या, 5,000 देतो. त्याला ती शिक्क्याची फळी हवी आहे. ती काढून, आडवी कापलेल्या तुकड्यासकट, मी कपाटात कुलपात ठेवली आहे.