गतिमंद भावाची कोर्टातली साक्ष आणि त्यासाठी मिळालेली मदत – आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

माझ्या भावाची साक्ष मागच्या महिन्यात झाली, आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहायचंच असं त्याच दिवशी ठरवलं होतं. भाऊ २४ वर्षांचा आहे, गतिमंद आहे. नाव देत नाही, कोर्टाचं पण देत नाही, निकाल अजून लागायचाय. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना दोघांनी मारलं ते यानं जिन्याच्या पायरीवर बसून बघितलं आणि तिथं दुसरं कोणीच नव्हतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

पहिल्या तारखेला आम्हाला काहीच माहीत नव्हतं. समन्स आलं, आई आणि मी त्याला घेऊन गेलो, व्हरांड्यात बाकावर बसलो तर समोरच्याच बाकावर आरोपींच्या घरची मंडळी. कोणी बोललं काहीच नाही, नुसतं बघत होते, पण याला तेवढं खूप झालं. पुकारा झाला तसा तो आईच्या पाठीमागे गेला आणि पिंजऱ्यात उभं केल्यावर स्वतःचं नाव पण सांगेना. तारीख पडली. बाहेर एक ओळखीचे म्हणाले सोडून द्या हो, अशा पोराची साक्ष कोण धरतंय. आई घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही.

तर पहिली गोष्ट, ते म्हणाले ते चूक आहे. १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय त्याच्या कलम १२४ मध्ये (जुन्या कायद्यात हेच ११८ होतं) सरळ आहे की ज्याला प्रश्न कळतो आणि जो समजेल असं उत्तर देऊ शकतो तो साक्ष देऊ शकतो, माणूस गतिमंद आहे एवढ्यावरून कोणी बाद होत नाही. माझी मावसबहीण वकिलीला आहे, तिनं सांगितलं की सुप्रीम कोर्टाकडे आपल्या महाराष्ट्रातूनच एक केस गेली होती, मुलगी बोलू-ऐकू न शकणारी, थोडी गतिमंद, तिची साक्षच झाली नव्हती म्हणून हायकोर्टात आरोपी सुटला होता. सुप्रीम कोर्टानं २०१७ ला शिक्षा परत कायम केली आणि अशा साक्षीदारांची साक्ष घ्यायला वेगळी केंद्रं काढा म्हणून सांगितलं. मग जानेवारी २०२२ ला अजून एक निकाल आला, तो पण महाराष्ट्रातल्याच केसमधला, त्यात असुरक्षित साक्षीदार (ज्यांना साक्षीच्या वेळी जास्त जपावं लागतं ते) म्हणजे फक्त लहान मुलं नाहीत तर मानसिक आजार असलेले, अपंग, ऐकू-बोलू न शकणारे आणि जज ज्यांना तसं मानतील ते सगळे धरले. हे आईला मी मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं.

मग सरकारी वकिलांना भेटलो, भावाला साक्षीच्या वेळी अशी मदत मिळावी म्हणून अर्ज दिला, अपंगत्वाचं सर्टिफिकेट जोडलं. पुढच्या तारखेच्या आधी सोबतीसाठी एक मॅडम मिळाल्या. माझे चार स्टार आहेत ते मुख्यतः या मॅडमच्या कामासाठी.

त्या घरी आल्या तेव्हा भाऊ लगेच सांगायला लागला, काकांना मारलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या ते मला सांगायचं नाही, ते फक्त जज मॅडमना सांगायचं. मला तेव्हा रागच आला, म्हटलं ही कसली मदत, ऐकून तरी घ्या. त्यांनी साक्षीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. त्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत त्याला रिकाम्या कोर्टात नेलं, जज कुठे बसतात, टाईप करणारे कुठे, वकील कुठे, सगळं दाखवलं, खुर्चीवर बसू दिलं. आणि तीन कार्डं करून दिली, पाणी, कळलं नाही, थांबा. आठ दिवस घरी तो जेवताना पण थांबा कार्ड दाखवत होता.

साक्षीच्या दिवशी दुसऱ्या दारानं आत नेलं, त्यामुळे ती मंडळी दिसलीच नाहीत. छोटी खोली, सोफा, शेजारीच बाथरूम, समोर टीव्हीच्या स्क्रीनवर जज मॅडम. आरोपींना तो दिसत होता, त्याला ते नाही. जज मॅडमनी आधी सकाळी काय खाल्लंस विचारलं, हा म्हणाला पोहे, शेव नव्हती. मग हळूहळू सुरू झालं.

काही जण म्हणतात असं केलं की आरोपीवर अन्याय होतो, तर तसं अजिबात नाही, त्यांच्या वकिलांनी पूर्ण उलटतपास घेतला, एक प्रश्न सोडला नाही. फक्त एकात तीन गोष्टी गुंफलेला प्रश्न आला की जज मॅडम तोडून विचारायला लावायच्या. याची किंमत मला घरचीला कळते, कारण आमच्या भावाला लांबलचक काही विचारलं की तो समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. तू तिथे नव्हतासच आणि तुला अंधारात दिसलं पण नाही, बरोबर ना, असं विचारलं असतं तर हो म्हणून मोकळा झाला असता. तोडून विचारलं, तू कुठे होतास? पायरीवर. दिवा होता? होता, पिवळा.

शेवटी वकिलांनी विचारलं तुला मॅडमनी काय सांगायला शिकवलं. हा म्हणाला, "मॅडम म्हणाल्या मला सांगू नको." त्या क्षणी मला कळलं त्यांनी त्या दिवशी हात का वर केला होता.

दोन तास लागले, तीनदा थांबा कार्ड दाखवलं, तिन्ही वेळा थांबले.

एक स्टार कापलाय तो यासाठी की हे सगळं मागता येतं हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही, समन्सवर दोन ओळी छापल्या असत्या तर पहिली तारीख वाया गेली नसती आणि पोरगं तेवढं घाबरलं नसतं. शिवाय मधेच आवाज गेला, वीस मिनिटं माणूस शोधत बसले.

ज्यांना जायचंय त्यांनी तारखेच्या बरंच आधी सरकारी वकिलांशी बोला, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, अपंग व्यक्तीला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत, फोन करायचा तर १५१००. जाताना औषधं, रोजची पाण्याची बाटली आणि अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं ओरिजिनल जवळ ठेवा. आम्ही झेरॉक्सच नेली होती, भाऊजी स्कूटरवर घरून ओरिजिनल घेऊन येईपर्यंत पाऊण तास खोळंबलो.