गावाचं संगणक केंद्र कुणाच्या हाती द्यायचं? तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून

संगणक आले, खोली रंगवून झाली, इंटरनेटची जोडणी मिळाली. आता ग्रामसभेपुढे एकच प्रश्न उरतो: केंद्र चालवायचं कुणी? कोरेगाव, खटाव, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांत सरपंच, वाचनालयाचे सचिव आणि बचतगटाच्या ताई यांच्याशी बोलताना हा विषय हमखास निघतो. बोलणं मात्र लवकरच यंत्रांवर जातं. किती संगणक घ्यायचे, प्रिंटर कोणता, इन्व्हर्टर लागेल का. माझ्या मते हे सगळं नंतरचं आहे. केंद्राची किल्ली कुणाकडे, उघडण्याची वेळ कोण ठरवणार आणि हिशोबाची वही कोण बघू शकणार, यावर केंद्र गावाचं होतं की नुसतं गावात असतं ते ठरतं. उद्या तालुक्यातल्या केंद्रांचं जाळं उभं राहिलं, तर त्यात गावाचा शब्द चालणार का, तेही यावरच ठरतं.

आपल्याकडे प्रत्यक्षात तीन वाटा आहेत. ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रालाच वाढवायचं, गावच्या सार्वजनिक वाचनालयात केंद्र काढायचं, किंवा महिला बचतगटांच्या ग्रामसंघाकडे ते सोपवायचं. शाळेची संगणक खोली हा चौथा पर्याय अनेक जण सुचवतात. पण शाळा सुटल्यावर कुलूप लागतं आणि सुट्टीत तर महिनाभर कुणी फिरकत नाही, म्हणून तो मी इथे धरलेला नाही. शिक्षक स्वतःहून संध्याकाळी थांबणारे असतील तर गोष्ट वेगळी.

सेवा केंद्र: दाखला मिळतो, शिकायला मिळत नाही

देशभरातल्या सामाईक सेवा केंद्रांची योजना 2006 साली मंजूर झाली. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतींत दाखले देणारे 'संग्राम' कक्ष आले आणि 2016 नंतर त्यांच्या जागी आपले सरकार सेवा केंद्रं उभी राहिली. या वाटेचं बळ उघड आहे. जागा पंचायतीची, केंद्रचालकाच्या मानधनाची तरतूद वित्त आयोगाच्या निधीतून आणि कामाला तोटा नाही. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीएम किसानची केवायसी यांसाठी माणूस येतोच. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा अशी केंद्रं नसती तर किती बायकांना तालुक्याला खेटे घालावे लागले असते याचा विचार करा.

पण तिथलं काम जवळून पाहा. आजी येतात, पिशवीतून आधार कार्ड आणि मोबाइल काढून टेबलावर ठेवतात. केंद्रचालक मोबाइल उचलतो, स्वतःच ओटीपी वाचतो, अंगठा लावून घेतो, कागद हातात देतो. आजींनी स्क्रीनकडे एकदाही पाहिलेलं नसतं, कारण स्क्रीन केंद्रचालकाकडे तोंड करून असते. यात त्या पोराचा दोष नाही. मागे दहा माणसं उभी आहेत, सर्व्हर मध्येच बसतो, मानधन वेळेवर येईल याची खात्री नाही. शिकवायला त्याला सवडच कुठली?

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. केंद्र पंचायतीच्या कार्यालयात असतं. घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही हे बघायला आलेल्या बाईने ते नेमकं कुणासमोर बसून बघायचं? ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही पाहता येतो. ते पान उघडून दाखवणारा केंद्रचालक मला फार क्वचित भेटला. ज्यांच्या हाती त्याचं काम टिकणं आहे, त्यांचाच हिशोब त्याने चारचौघांत उघडावा ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

वाचनालय: सभासदाला मत आहे

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. गावातलं वाचनालय बहुधा ड किंवा क वर्गात असतं. पैसा अपुरा असतो, हे कबूल. पण वाचनालयाकडे सेवा केंद्राकडे नसलेली एक गोष्ट असते: सभासद. वर्षाकाठी सर्वसाधारण सभा होते, जमाखर्च वाचला जातो, कार्यकारिणी निवडली जाते. म्हणजे केंद्राबद्दल तक्रार असेल तर ती मांडायची जागा आधीच तयार आहे. इथे येणारा माणूस ग्राहक म्हणून येत नाही, त्यामुळे तो तासभर बसला तरी कुणी उठवत नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं संध्याकाळी तिथेच असतात. त्यांतल्या दोघांना आठवड्याची पाळी लावून दिली, की शिकवणारा माणूस मिळतो.

पुस्तकाभोवती अख्खं गाव जोडता येतं हे महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारने दाखवलं आहे. 2017 च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा वाचनाच्या जागा एका इमारतीत कोंडल्या नाहीत. घरं, देवळं, शाळा अशा पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली आणि ती सांभाळायचं काम त्या त्या घराने घेतलं. ती योजना सरकारी आहे, पण दार उघडणारे हात गावकऱ्यांचे आहेत. संगणकाबाबतही हे करता येतं. सगळे संगणक एकाच खोलीत हवेत असं कुठे लिहिलंय? दोन वाचनालयात, एक वस्तीवरच्या समाजमंदिरात, अशी वाटणी होऊ शकते.

वाचनालयाची उणीव मात्र लपवून चालणार नाही. बऱ्याच वाचनालयांची कार्यकारिणी एकाच आळीतली आणि सगळी पुरुषांची असते. बायका पुस्तक घरी मागवतात, स्वतः येऊन बसत नाहीत. वाचनालय गावठाणात आणि दलित वस्ती ओढ्यापलीकडे, असं चित्रही दिसतं. सभासदाला मत आहे, पण सभासदच निम्म्या गावाचे असतील तर त्या मताचा उपयोग तेवढाच.

ग्रामसंघ: हिशोबाची सवय आधीच आहे

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली बचतगटांचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचा प्रभागसंघ, अशी रचना बहुतेक गावांत आता आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री तिथे वर्षानुवर्षं पाळली जाते. ग्रामसंघाची बैठक पाहिली असेल तर माहीत असेल: वही मधोमध उघडी असते, रक्कम मोठ्याने वाचली जाते आणि दहा रुपयांचा फरक निघाला तर तो मिटेपर्यंत कुणी उठत नाही. केंद्राचा जमाखर्च सांभाळायला याहून चांगली शाळा गावात दुसरी नाही. शिवाय बैठकीत बोलायची सवय झालेल्या बायका उद्या तालुक्याच्या बैठकीतही बोलतात.

'बायकांना संगणक जमेल का' असं अजूनही विचारलं जातं, तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडकडे बोट दाखवते. माणदेशी महिला बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या, आणि चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 साली बँक उभी राहिली. त्याच म्हसवडमधून माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं आणि माणदेशातली माणसं आपल्या बोलीत त्यावर बोलतात.

ग्रामसंघाकडे केंद्र दिल्याचे तोटे दोन. ताईंवर आधीच कामाचा ढीग असतो. प्रत्येक सरकारी योजना त्यांच्याच दारात येते. त्यात केंद्राची भर विनामोबदला घालणं चुकीचं आहे. केंद्र सांभाळणाऱ्या ताईला मानधन मिळालंच पाहिजे, आणि ते ठरावात लिहिलेलं हवं. दुसरं म्हणजे, तरुण मुलगे 'ते बायकांचं केंद्र' म्हणून लांब राहतात. वेळांची वाटणी करून हे बऱ्यापैकी सुटतं.

जाळं कसलं हवं

एकटं केंद्र फार दिवस तग धरत नाही. दुरुस्ती, प्रशिक्षण, नव्या योजनेची माहिती यासाठी दहा-वीस गावांनी एकमेकांना धरून राहावं लागतं. पण जाळी दोन तऱ्हेची असतात, आणि दोन्हींची उदाहरणं 1998 सालीच सुरू झालेली आहेत.

एक आपल्या शेजारचं. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या समूहाभोवतीची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावं संगणकाने जोडली गेली. त्या काळात ही फार मोठी झेप होती. पुढे पाहणी झाली तेव्हा दिसलं की केंद्रांवर वापर मुख्यतः ऊसाच्या नोंदी, वजन आणि बिलाच्या माहितीपुरता उरला होता. तेवढं काम काही गावांत मोबाइलवरच्या एसएमएसवर करून पाहिलं आणि ते संगणकापेक्षा स्वस्त पडलं. कारखान्याला जे सांगायचं होतं ते शेतकऱ्यापर्यंत पोचत होतं. शेतकऱ्याला आणखी काय विचारायचंय, यासाठी त्या रचनेत वाट अरुंद होती.

दुसरं पुदुच्चेरीतलं. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या ग्राम ज्ञान केंद्रांत जागा गावाने द्यायची, चालवणारे स्वयंसेवक गावचेच, असा नियम होता. मच्छीमारांनी समुद्राचा अंदाज मागितला म्हणून तो रोज भोंग्यावरून सांगितला जाऊ लागला. 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली त्या सकाळी नल्लवाडू गावात सिंगापूरहून फोन आला आणि केंद्राच्या त्याच भोंग्यावरून गाव रिकामं करायला सांगितलं गेलं. भोंगा त्सुनामीसाठी बसवलेला नव्हता. लोकांच्या रोजच्या गरजेतून तो तिथे होता, चालू होता आणि कुणाच्या परवानगीविना वापरता येत होता.

कृष्णाकाठच्या गावांना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे सांगलीत पोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस, वाळवा, मिरजेच्या गावांत पाणी शिरलं तेव्हा कोयनेतून विसर्ग किती आणि वरच्या गावात पाणी कुठवर आलं, हेच माणसं एकमेकांना विचारत होती. वरच्या गावच्या केंद्राने खालच्या गावच्या केंद्राला थेट कळवायचं, ही व्यवस्था जिल्ह्याच्या आदेशाची वाट न बघता दहा गावांना आपसांत करता येते. वेगवेगळ्या केंद्रांनी स्वतः एकमेकांशी बोलावं, हाच जाळ्याचा खरा उपयोग. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अँटोनिया स्टोन यांनी 1983 साली गरीब वस्तीतल्यांसाठी संगणक केंद्र काढलं, त्यातूनही पुढे अशा केंद्रांचं जाळंच वाढलं.

मग निवड कोणती

तुमच्या गावात वाचनालय जिवंत असेल, म्हणजे रोज उघडत असेल आणि वार्षिक सभा खरोखर होत असेल, तर केंद्र तिथे न्या. मात्र अट घाला: कार्यकारिणीत निम्म्या बायका आणि प्रत्येक वस्तीचा निदान एक सभासद. वाचनालय नावापुरतं असेल तर ते जिवंत करण्यात दोन वर्षं घालवू नका, सरळ ग्रामसंघाकडे द्या. माण, आटपाडी, जत या भागात मी डोळे झाकून ग्रामसंघच निवडेन, कारण ऊसतोडीला आणि कामाला माणसं बाहेर गेली तरी बैठका घेणाऱ्या बायका तिथे टिकून आहेत. सेवा केंद्र बंद करायचं काहीच कारण नाही. दाखल्यांचं काम तिथेच चालू द्या. शिकणं, शोधणं, विचारणं यासाठीची खोली मात्र वेगळी आणि पंचायतीच्या दाराबाहेर हवी.

नियम आधी ठरवायचा आणि बांधकाम मागून, ही रीत सांगली जिल्ह्याला नवी नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण लोकांनी उभारलं, तेव्हा भूमिहीनांसह सगळ्यांना पाण्याचा वाटा, हे तत्त्व त्या लढ्याच्या मुळाशीच होतं.

म्हणून ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. केंद्राच्या वेळा महिला सभेत ठरतील. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यायचीच असते, तेव्हा वेगळी बैठक लागत नाही. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागेल आणि वर्षातल्या चारही ग्रामसभांत वाचला जाईल. निदान एक संगणक असा असेल की ज्यावर केंद्र सांभाळणारी व्यक्ती बसणार नाही, फक्त आलेला माणूस बसेल. आणि तालुक्याच्या जाळ्याच्या बैठकीला केंद्रातून दोघं जातील: एक चालवणारा आणि एक वापरणारा. वापरणाऱ्याचं नाव ग्रामसभा ठरवेल, ते दर वर्षी बदलेल आणि एसटीचं भाडं केंद्राच्या हिशोबातून मिळेल. भाड्याचा हा मुद्दा किरकोळ म्हणून गाळला जातो. रोजगार बुडवून पदरमोड करत बैठकीला जाणारी बाई दुसऱ्यांदा जात नाही, आणि मग तिच्या खुर्चीवर पुन्हा केंद्रचालकच बसतो.