बॉल जॉइंट काढायला फोर्क की पुलर?

रत्नागिरीत खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी असली की चार पावसाळ्यांत टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा बॉल जॉइंट) टेपर, म्हणजे निमुळता खुंट, असा काय धरतो की नुसत्या हातोडीने हलतच नाही. फोर्क, म्हणजे दोन दातांचा लोखंडी काटा, स्वस्त, पाचरीसारखा ठोकला की जॉइंट सुटतो, पण रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) हमखास फाटतो आणि मग ग्रीस बाहेर, ओल आत, म्हणून जॉइंट बदलायचाच असेल तरच फोर्क घ्या. जुनाच परत बसवायचा तर स्क्रू आवळून खुंट बाहेर ढकलणारा पुलर! आदल्या रात्री गंजावर तेल मारून ठेवा, पुलरचा स्क्रू पान्याने आवळत जा, जॉइंट एकदम 'ठण्ण' होऊन सुटतो, तेव्हा जॉइंटचा नट दोन-तीन आटे लावलेलाच हवा नाहीतर आर्म (जोडलेला दांडा) उसळून हातावर येईल. मी पुलरच घेईन. आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.