मीप सॉफ्टवेअर: फुकट आहे पण रॅम खातं भाऊ

एमएस्सीच्या प्रोजेक्टला दोन महिने मीप वापरतोय, ज्युनिअर सारखे विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. एमआयटीत (पुण्याची नाही, अमेरिकेतली) बनलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, जागेचे आणि वेळेचे बारीक तुकडे करून मॅक्सवेलची समीकरणं (प्रकाश कसा वागतो ते सांगणारी) सोडवतं. माझं काम म्हणजे सोन्याचे दोन नॅनोरॉड (अतिसूक्ष्म कांड्या) टोकाला टोक, मध्ये 5 नॅनोमीटरची फट, आणि एकातली एनर्जी दुसऱ्यात कशी जाते ते बघायचं.

विंडोजवर थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) टाकून कोंडाने (पॅकेज इन्स्टॉलर) घ्या, माझा एक रविवार त्यातच गेला. सोनं प्रकाशाला कसं वागतं त्याचा डेटा आत तयार मिळतो, ते भारी.

खरा त्रास फटीचा. ती नीट पकडायची तर ग्रिड (जागेच्या तुकड्यांची जाळी) निदान 1 नॅनोमीटरची हवी, म्हणजे 400 नॅनोमीटरच्या डब्यात 6 कोटी 40 लाख घरं, आणि अजून निम्मी बारीक केली की मेमरी 8 पट न् वेळ 16 पट! माझ्या 16 जीबीच्या लॅपटॉपवर रन लावून गंगापूर रोडला मिसळ हाणून आलो, बघतो तर सगळं हँग. एकदा फील्ड नॅन झाली (आकडे फुटून निरर्थक), कूरंट फॅक्टर (जागेच्या तुकड्याच्या मानाने वेळेचा तुकडा किती मोठा ते) 0.5 वरून खाली आणल्यावर सुटलं.

पण एका गोष्टीसाठी याला सगळं माफ. दोन रॉड जवळ आणून जोडले की रेझोनन्स (ज्या रंगाच्या प्रकाशाला रॉड जोरात डोलतो तो) फुटून स्पेक्ट्रममध्ये दोन पीक दिसायला पाहिजेत ना, मला एकच दिसायचा, आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. चूक माझीच, वेळ वाचवायला फटीच्या मध्यावर आरशाची सिमेट्री लावली होती (अर्धाच भाग सोडवायचा, उरलेला त्याचं प्रतिबिंब धरायचा), आणि ती लावली की डार्क मोड (दोन रॉडमधले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या उलट डोलतात तो, म्हणजे दुसरा पीक) मुळात येऊच शकत नाही, शिवाय दोन्ही रॉड सारखेच असले की समोरून येणारा सरळ प्रकाश पण त्याला हलवत नाही. मग तो आरसा काढला, डावीकडच्या रॉडच्या बाहेरच्या टोकाशी डायपोल (प्रकाशाचा इवलासा स्रोत) ठेवला (बाकीच्या दोन दिशांचे आरसे चालतात, काम पाव होतं) आणि आले की दोन पीक! ॲनिमेशनमध्ये तर एनर्जी डावीकडून उजवीकडे न् परत डावीकडे, एकाच दांडीला बांधलेल्या दोन झोपाळ्यांसारखी, फक्त काही फेमटोसेकंदांत सोनं ती खाऊन टाकतं. पीकची जाडी दोन पीकमधल्या अंतरापेक्षा कमी असेल तरच स्ट्राँग कपलिंग म्हणायचं, हे पुस्तकात वाचलं होतं, कळलं इथे.

आता सर म्हणतात हेच उष्णतेसाठी कर. 300 केल्विनला (खोलीच्या तापमानाला) उष्णतेच्या किरणांची तरंगलांबी 10 मायक्रॉनच्या आसपास जाते, तिथे माझे इवलेसे रॉड काय कामाचे, त्याच पट्ट्यात रेझोनन्स असलेलं सिलिकॉन कार्बाइड घ्यावं लागणार.

5 पैकी 4. एक रॅमचा कापला.